अडगावचं रान, देवगावचा कागद

जवारी डोक्याच्या वर गेलेली आहे. कणसं भरली आहेत, त्यांवर पाखरांचे थवे उतरले आहेत आणि गोफण घेऊन हाकलणारं माचाणावर कुणी नाही. धुऱ्यावर उभे राहून तुम्ही उत्तरेकडे बघता. सातपुड्याची निळी रेघ ओळखीची आहे. गावाचं नावही ओळखीचं, अडगाव. आज ते अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात येतं. तारीख मात्र तुमची नाही. २९ नोव्हेंबर १८०३ ची दुपार कलली आहे आणि पायाखालची काळी जमीन तोफांनी हादरते आहे.

गावापुढे मराठ्यांची फळी पसरली आहे, या टोकाला उभं राहून त्या टोकाचं माणूस दिसत नाही. मधोमध भोसल्यांचं पायदळ आणि तोफा, एका अंगाला त्यांचे घोडेस्वार, दुसऱ्या अंगाला शिंद्यांचे स्वार आणि पेंढारी. फौज नागपूरकर दुसऱ्या रघुजींची, पण रणात आहेत ते त्यांचे धाकटे भाऊ व्यंकोजी. शिंद्यांनी सहाच दिवसांपूर्वी इंग्रजांशी तहकुबी केली आहे. ठरल्या जागी शिंद्यांची फौज हटली नाही, म्हणून तहकुबी आम्हांला बांधील नाही, असं इंग्रजांचं म्हणणं.

तुमच्या मागून कंपनीच्या पलटणी येताहेत. पहाटेपासून चालून दमलेल्या. पहिले गोळे पडतात आणि तुम्हांला वाटलं नव्हतं ते घडतं. दोन महिन्यांपूर्वी आसईला तोफांच्या तोंडावर चालून गेलेले शिपाई पाठ फिरवून पळतात. बैल जू झुगारतात, गाडे आडवे होतात, जवारीची ताटं मोडत माणसं तुमच्या अंगावरून निघून जातात. लाल डगल्यातला एक चौतीस वर्षांचा सेनापती घोडा फेकत येतो, त्या पलटणींना गावाच्या आडोशाला गोळा करतो, पुन्हा रांगेत उभं करतो आणि परत घेऊन येतो. आपण तिथे नसतो तर दिवस हातचा गेला होता, असं त्यानंच पुढे लिहून ठेवलं आहे. नाव आर्थर वेलस्ली. पुढे जग त्याला ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणणार आहे, पण ते अजून साडेदहा वर्षं दूर.

सूर्य बुडतो तेव्हा अडतीस तोफा इंग्रजांच्या ताब्यात आहेत. त्यांचे मेलेले, जखमी आणि हरवलेले मिळून साडेतीनशेच्या आसपास, मराठ्यांकडचे कित्येक पटींनी जास्त. चांदणं पडलं आहे, त्या चांदण्यात कंपनीचे स्वार पळणाऱ्यांना गाठून कापताहेत.

नाल्याच्या दरडीखाली काही माणसं दडून बसली आहेत. त्यांतला एक म्हातारा तुमच्याकडे बघतो. "कोन जितलं, बापा?"

"इंग्रज."

"मंग औंदा वसुली कोन घेईन?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या गावात दर वर्षी दोघांची माणसं वसुलीला येतात. वऱ्हाडात पाऊणशे वर्षं दोअमली चालू आहे. कागदोपत्री मुलूख निजामाचा, पण बहुतेक परगण्यांत वसुलातले शंभरातले साठ भोसल्यांचे. चौथाईचे पंचवीस, सरदेशमुखीचे दहा, फौजदारीचे पंचवीस. उरलेले चाळीस निजामाचे. ही व्यवस्था चांगली होती असं म्हणायला मी तयार नाही. दोन धन्यांचं शेत कसं पिकतं ते वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. पण दोघांनाही पुढच्या वर्षी त्याच गावात यायचं होतं. म्हणून गावात काहीतरी शिल्लक ठेवणं दोघांच्याही सोयीचं होतं.

पंधरवडा पुढे सरका. कंपनीचाच दुसरा सेनानी स्टीव्हन्सन, त्याच्या माणसांनी मेळघाटाच्या डोंगरांतून, रस्ता नव्हता तिथे रस्ता करत, तोफा ओढून गाविलगडाच्या उत्तरेला नेल्या आहेत. १५ डिसेंबरला भगदाडातून इंग्रज आत घुसतात, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडतो. तुम्ही चिखलदऱ्याला गेला असाल तर ती तटबंदी पाहिलीच असेल. इथे थांबू नका. लढाईची गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. आपलं काम खाली सपाटीवर, अचलपूरच्या बाजूला, देवगावच्या तळावर आहे.

१७ डिसेंबर १८०३. तंबूत शिरा. मेजाच्या एका बाजूला वेलस्ली. त्याच्याजवळ चोवीस वर्षांचा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जो काही दिवसांत नागपूरला रेसिडेंट म्हणून जाणार आहे. दुसऱ्या बाजूला भोसल्यांचे वकील यशवंतराव रामचंद्र. लढाई हरलेल्या धन्याचा वकील होणं फार अवघड काम असतं. आवाज चढवता येत नाही आणि गप्पही बसता येत नाही. एकेक कलम वाचलं जातं. बालासोरसकट कटक प्रांत कंपनीला. म्हणजे नागपूरकरांचा समुद्र गेला आणि कंपनीचा कलकत्ता ते मद्रास किनारा एक झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा जो मुलूख भोसले निजामाबरोबर वाटून खात होते, तो सगळा सोडायचा. निजामावरचे सगळे दावे सोडायचे. इंग्रजांशी लढाई चालू असलेल्या देशाचा माणूस नोकरीत ठेवायचा नाही. यशवंतरावांच्या हाती लागतं ते एवढंच की गाविलगड आणि नरनाळा भोसल्यांकडे राहतील, आणि त्यांच्या लगतचा चार लाखांच्या वसुलाचा प्रदेश, त्यात अकोट, अडगाव, बडनेरा, भातकुली. तेवढंही १८२२ पर्यंतच टिकलं.

तेराच दिवसांनी, ३० डिसेंबरला, तिथून जवळच सुर्जी अंजनगावला शिंद्यांनी असाच कागद करून दिला. त्यात दिल्ली-आग्र्याकडचा मुलूख, गंगा-यमुनेचा दुआब, भडोच, अहमदनगरचा किल्ला गेला. उत्तर हिंदुस्थानची सत्ता आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या एका गावात हातातून गेली, हे आपल्याला शाळेत कुणी नकाशावर बोट ठेवून दाखवलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

तंबूतून बाहेर पडण्याआधी एक विचारा. वर्धेच्या पश्चिमेचा हा वऱ्हाड कंपनीने स्वतः का नाही ठेवला? तो निजामाला दिला. निजाम कोण, तर चार महिन्यांपूर्वी गादीवर आलेला सिकंदर जाह, ज्याच्या राज्यात कंपनीची तैनाती फौज आधीच बसलेली आहे. ज्याने हा मुलूख मोठ्या कष्टाने जिंकला नाही आणि जो तो स्वतःच्या बळावर सांभाळू शकत नाही, अशा हातात तो पडला.

आणि वेलस्लीला हे कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. ऑगस्ट १८०० मध्ये त्याने कंपनीचाच अधिकारी टॉमस मन्रो याला एक पत्र लिहिलं आहे. त्यातला मुद्दा असा की मराठ्यांचा मुलूख घेऊन आपण पसरत गेलो तर वसूल करणारे, फौजांत चाकरी करणारे, सगळे उपाशी पडतील आणि आपले नवे शत्रू होतील. तीन वर्षांनी त्यानेच देवगावचा कागद पुढे सरकवला. अर्थात धोरण ठरवणारा त्याचा थोरला भाऊ, गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली, कलकत्त्यात बसला होता. धाकट्याने जे पत्रात ओळखलं ते तहात उतरलं नाही.

आता पूर्वेला वळून वर्धा ओलांडा आणि नागपूरला या. तहाला चार-पाच वर्षं झाली आहेत. मुलूख घटला, पण दरबार, फौज, देणी आणि मानमरातब तेवढेच आहेत. दुसरे रघुजी तोवर बरे राजे मानले जात. भोसल्यांची रीत मुळात साधी, लष्करी शेतकऱ्याची. आता मात्र गेलेल्या प्रांतांचा वसूल उरलेल्या गावांतून काढायचा, असं त्यांनी घेतलं. सारा वाढत गेला. शिपायांचा पगार थकला, ते रयतेवर पोट भरू लागले. श्रीमंतांच्या घरात काय आहे याची खबर काढून तिथे हात मारण्यापर्यंत मजल गेली. रघुजींना "बडा बनिया" म्हणत. हे लिहून ठेवणारे बहुतेक इंग्रज अधिकारी आहेत, आणि पुढे ते राज्य घेणारेही तेच, तेव्हा यात मीठ किती ते तुम्ही ठरवा. पण तहाआधीच्या भोसल्यांची तारीफही त्यांनीच केली आहे. माणूस तोच होता. त्याच्या तिजोरीचं गणित देवगावला बदललं होतं.

आणि जे शिपाई घरी पाठवले, ते घरी गेले नाहीत. त्यांचं घर म्हणजे घोडा. त्यांतले किती पेंढाऱ्यांत मिसळले याची नोंद कुणी ठेवली नाही. १८०३-०४ चा दुष्काळ, वर हे दळ. अमरावतीत या. तिथे कापसाचा पैसा आहे, सावकारांच्या पेढ्या आहेत, म्हणून भीतीही आहे. १८०७ मध्ये निजाम सरकारने शहराभोवती परकोट बांधायला घेतला. अंबागेटच्या किंवा नागपुरी गेटच्या कमानीखालून तुम्ही रोज रिक्षाने जात असाल. ती भिंत परक्या सेनेसाठी नव्हती. कालपर्यंत कुणाच्या तरी चाकरीत असलेल्या, पगार थकलेल्या स्वारांसाठी ती उभी राहिली.

इथून एक लांब उडी मारा. पॅरिस, १८१५. वॉटर्लू संपलं आहे. तोच माणूस, आता ड्यूक, पुन्हा जिंकलेल्या बाजूला बसला आहे. प्रशियाच्या सेनानींना फ्रान्स सोलून काढायचा आहे. पॅरिसमधला येना नावाचा पूल सुरुंग लावून उडवायलाही ते निघाले होते. वेलिंग्टन अडवतो. फ्रान्सचे मोठे प्रांत तोडले तर फ्रेंच माणूस सूड कधी घेता येईल एवढीच वाट बघत बसेल, असं तो लंडनला कळवतो. नोव्हेंबरमध्ये तह झाला. सत्तर कोटी फ्रँक दंड, दीड लाखाची चौकी फौज जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि देश जवळपास १७९० च्या सीमांवर शाबूत. चौकी फौजेचा सेनापती वेलिंग्टनच. दंड फिटला, १८१८ मध्ये फौज निघून गेली, तीन वर्षांतच. फ्रान्समध्ये पुन्हा हुकूमशहा आलाच नाही असं नाही. तिसरा नेपोलियन आला. पण तो १८५१ मध्ये, आणि त्याची कारणं वेगळी.

देवगाव आणि पॅरिस यांत बारा वर्षांचं अंतर. त्या काळात हा माणूस शहाणा झाला, असं म्हणणं सोपं आहे. मला वाटतं फरक मेजाच्या पलीकडे बसलेल्यांत होता. फ्रान्स उद्या पुन्हा उभा राहील हे युरोपात सगळ्यांना दिसत होतं. नागपूर उभं राहील असं कुणाला वाटलं नाही.

परत या, १८१६ मध्ये. रघुजी वारले. मुलगा परसोजी राज्य चालवण्याजोगा नव्हता, म्हणून कारभार आप्पासाहेबांच्या हाती आला. हे त्याच व्यंकोजींचे चिरंजीव, ज्यांची फौज तुम्ही अडगावला फुटताना पाहिलीत. घरात विरोधक, तिजोरीत खडखडाट, म्हणून त्यांनी मे महिन्यात तैनाती फौजेचा करार केला. पुढच्या वर्षी परसोजींचा खून झाला, आणि नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई. ती हरल्यावर कागद आणखी कडक झाला. मार्चमध्ये आप्पासाहेब कैद झाले, मेमध्ये अलाहाबादच्या वाटेवरून निसटले. गादीवर एक लहान मुलगा, तिसरे रघुजी, बसवला गेला.

आणि १८१८ ते १८२६ नागपूरवर राज्य केलं ते रिचर्ड जेंकिन्स या रेसिडेंटने. सुरुवातीला वय तेहतीस. नाव राजाचं, शिक्का राजाचा, हुकूम जेंकिन्सचा. दरबारातला कुणी त्याला जाब विचारू शकत नव्हता, रयत तर नाहीच. त्याने सारा बसवला, चोऱ्या मोडल्या, शिस्त आणली, राज्याचा जाडजूड अहवालही लिहिला. लोकांना बरं वाटलं, यात शंका घेऊ नका. पंधरा वर्षं लुटले गेलेल्या माणसाला रात्रीची झोप देणारा कोण आहे याची चौकशी करायची हौस नसते.

वऱ्हाडच्या नशिबात जेंकिन्सही नव्हता. तिथे इजारा होता.

१८४२ साल धरा, अकोल्याकडचं कुठलंही खेडं. चावडीसमोर दोन रोहिले बसले आहेत, मांडीवर तलवारी. त्यांना इथली भाषा येत नाही आणि शिकायचीही नाही. आतमध्ये पाटलाच्या पुढ्यात कारकुनाने वही उघडली आहे. हा सरकारचा माणूस नव्हे, इजारदाराचा माणूस. हैदराबादेत महाराजा चंदुलाल १८०६ पासून कारभार बघताहेत आणि राज्याला रोकड लागते. ती आधी सावकार देतो, बदल्यात परगणा लिहून घेतो, मग व्याजासकट वसूल करतो. एवढी रोकड कशाला? तर मुख्यतः इंग्रज अंमलदारांखालच्या, हैदराबाद कंटिंजंट म्हणवल्या जाणाऱ्या फौजेच्या पगाराला. फौज निजामाच्या नावाची, हुकूम रेसिडेंटचा, खर्च वर्षाला चाळीस लाखांच्या घरात. आणि वसूल बराचसा वऱ्हाडचा.

आधी हैदराबादच्या विल्यम पामर पेढीने शेकडा चोवीस-पंचवीस व्याजाने पैसे पुरवले. तिच्या एका भागीदाराला गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांच्या घरात वाढलेली मुलगी दिलेली होती, तेव्हा कलकत्त्याहून डोळे वटारण्याचा प्रश्न नव्हता. चार्ल्स मेटकाफने रेसिडेंट म्हणून येऊन ते बिंग फोडलं. मग पुरणमल सावकार आले. १८३९ मध्ये त्यांना हटवून पेस्तनजी आणि कंपनी. या पारशी व्यापाऱ्यांबद्दल न्यायाने बोललं पाहिजे. वऱ्हाडचा कापूस मुंबईला मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा नेला तो त्यांनी, पेरणीला तगाई दिली ती त्यांनी. पण त्यांच्या नावाने औरंगाबादच्या टाकसाळीत पेस्तनशाही रुपया पडत होता! खासगी पेढी सारा घेते, शिपाई ठेवते, नाणं तिच्या नावाने ओळखलं जातं. राजा व्हायला आणखी काय लागतं?

पाटील बाहेर येतो. तुम्ही विचारता, हे राज्य कुणाचं?

"ज्याचा शिपाई दारात बसला, त्याचं. मागल्या साली दुसरा होता. तो म्हने, मी भरून पावलो नाई. हा म्हने, त्याचं काई सांगू नोको. आमी दोघाईचं भरलं."

"तक्रार कुठे करता?"

पाटील हसतो. हैदराबाद तीनशे मैलांवर, आणि तिथे बसले आहेत ते इजारा विकणारे. रेसिडेंटकडे जावं तर तो म्हणणार, हा निजामाचा अंतर्गत कारभार. फौजेचा पगार मात्र अंतर्गत नव्हता.

लोक नुसते सोसत बसले असंही नाही. १८४१ मध्ये मोगतराव नावाच्या माणसाने जामोदच्या तटावर भोसल्यांचा झेंडा लावला. कंटिंजंटने तो उतरवला. नंतर कुणी आपणच आप्पासाहेब भोसले म्हणून उठला, त्यालाही माणसं मिळाली. ज्या भोसल्यांची वसुली आजोबांना नकोशी झाली होती, त्यांच्या झेंड्याखाली नातवंडं जमली. पडलेल्या राज्याची आठवण ज्याच्या हाती लागते तो ती वाटेल तशी वापरू शकतो.

हे वाक्य लिहिताना मला अर्थातच जर्मनी दिसते. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या आरसे महालात तह झाला. हिंदुस्थानच्या वतीने सही करणाऱ्यांत बिकानेरचे महाराज गंगासिंग होते. टिळकांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना हिंदुस्थानची बाजू लिहून कळवली होती, पण त्यांना पॅरिसला जाऊ दिलं नव्हतं. जर्मनीची फौज एक लाखावर आणली, युद्धाचा दोष कलम २३१ मध्ये तिच्या माथी मारला, दोन वर्षांनी दंड ठरला १३२ अब्ज सुवर्ण मार्क. १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क पडत होते.

मात्र तहातून हिटलर सरळ उगवला असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. १९२८ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला शंभरात तीन मतंही नव्हती. १९२९ च्या मंदीनंतर, जुलै १९३२ मध्ये, सदतीस झाली. गंमत म्हणजे त्याच सुमारास दंड जवळजवळ माफ झाला होता. तहाने त्याला सत्ता दिली नाही. अपमान तयार ठेवला, लष्करातून बाहेर फेकलेली माणसं तयार ठेवली, आणि ज्यांनी नाइलाजाने सही केली त्या लोकशाहीवादी पुढाऱ्यांना कायमचे गुन्हेगार ठरवलं. दंडापेक्षा हे जास्त महागात पडलं. यशवंतराव रामचंद्रांना नागपुरात नंतर काय ऐकावं लागलं असेल याची कल्पना मला इथेच करावीशी वाटते.

आता शेवटचा मुक्काम. २१ मे १८५३. कंटिंजंटच्या थकलेल्या पगारापोटी निजामाकडे कंपनीचे चाळीस लाखांहून जास्त निघताहेत. निजाम नासिरुद्दौला नाखुशीने सही करतात आणि वऱ्हाड कंपनीकडे येतो. विकला नाही, नुसता लावून दिला, असा शब्दच्छल. अमरावती-अकोल्यात त्या दिवशी कुणी रडलं असेल असं मला वाटत नाही. रोहिले गेले, सारा ठरला, पुढे रेल्वे आली, कापसाला भाव आला. पण कायद्याने मुलूख परक्या राजाचाच राहिला, म्हणून वऱ्हाडला कायदे यायचे ते गव्हर्नर जनरलच्या हुकमाने. विधिमंडळं निघाल्यावरही वऱ्हाडने निवडून दिलेला माणूस थेट आत जाऊ शकत नव्हता. त्याला सरकारने नेमलेला दाखवून घ्यावं लागे.

देवगावनंतर वऱ्हाडचं पुन्हा पुन्हा लिहून झालं. १८२२ मध्ये हद्द ठरली, १८५३ आणि १८६० मध्ये तह झाले, १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाखांवर कायमचा पट्टा झाला, १९३६ मध्ये पुन्हा करार. यांतल्या एकाही कागदाला वऱ्हाडच्या रयतेची संमती विचारलेली नाही. इथल्या प्रत्येक सज्ञान माणसाला, आपल्यावर कोण राज्य करणार याबद्दल मत द्यायचा हक्क बजावता आला तो १९५१-५२ च्या निवडणुकीत, अडगावच्या लढाईनंतर १४८ वर्षांनी.